थोरली सिस्टर आणि सकाळचं कॉलेज

अपघात विभागात आम्ही दोघी वर्षानुवर्षं एकाच पाळीला होतो. आमची नावं पेशंटांनीच पाडली होती. ती थोरली सिस्टर, मी धाकटी. वयात तसं फार अंतर नाही, पण तिची उंची, खणखणीत आवाज आणि झपाझप चालणं बघून नवीन पेशंट तिलाच मोठी डॉक्टरीण समजायचे आणि मला तिच्या हाताखालची. मी कधी तक्रार केली नाही. थोरलीच्या हाताखाली असण्यात सुख होतं. पेशंटच्या नातेवाइकांनी आवाज चढवला की मी फक्त तिच्याकडे बोट दाखवायचे.

ही थोरली चाळिशीच्या उंबरठ्यावर कायदा शिकायला निघाली, आणि त्याची सुरुवात झाली ती तिची भर कोर्टात फजिती झाली तिथून.

झालं असं की, एका बांधकामावरचा मिस्त्री परांचीवरून पडला आणि आमच्याकडे आला. बराच काळ गेला, तो बरा झाला, आम्ही त्याला विसरूनही गेलो. मग त्याने भरपाईचा दावा लावला. ठेकेदाराचं म्हणणं, हा दारू पिऊन वर चढला होता, चूक त्याचीच. त्याला दाखल करून घेताना थोरली तिथे होती, म्हणून तिला साक्षीला बोलावलं. एकटीला नको म्हणून मीही गेले.

ठेकेदाराची वकील एक बाई होती. बारीक अंगाची, केस आखूड कापलेले आणि जवळजवळ सगळे पांढरे. तिने आवाजही चढवला नाही.

"सिस्टर, तुमच्याकडे रोज बरेच पेशंट येत असतील ना?"

"बरेच येतात."

"आणि त्यातला हा नेमका तुमच्या लक्षात आहे?"

"चांगला लक्षात आहे," थोरली म्हणाली. "त्याच्या तोंडाला दारूचा अजिबात वास नव्हता."

"छान. मग त्याचा कुठला पाय मोडला होता, तेही आठवत असेल."

"डावा."

वकीलबाईंनी समोरचा कागद उचलून न्यायाधीशांकडे दिला. "उजवा," त्या म्हणाल्या. "मला आणखी काही विचारायचं नाही."

संपलं. थोरली साक्षीदाराच्या जागेवरून खाली आली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. इतकी वर्षं मी तिला बघतेय, रक्त बघून नाही, मरण बघून नाही, असा चेहरा तिचा कधी झाला नव्हता. बाहेर तो मिस्त्री उभा होता, काठी टेकून. थोरली त्याच्यासमोर जाऊन थांबली. तोच म्हणाला, "जाऊ द्या सिस्टर. पाऊस आला की माझे दोन्ही दुखतात. मलाच आठवत नाही कुठला मोडला होता."

खटला शेवटी मिस्त्रीच्या बाजूने लागला. पण थोरलीच्या साक्षीमुळे नाही. त्याच्याबरोबर काम करणाऱ्या एका गवंड्याने येऊन सांगितलं की वर चढताना बांधायचे पट्टे ठेकेदाराने कुणालाच दिले नव्हते, आणि ते बोलणं वकीलबाईंना शेवटपर्यंत हलवता आलं नाही. मला वाटलं, चला, विषय मिटला.

थोरलीच्या मनातून मात्र तो मिटला नव्हता. एकदा चादरींच्या घड्या घालता घालता ती म्हणाली, "मला त्या बाईंचा राग यायला हवा ना?"

"मग? मला तर अजून येतो."

"मला येत नाही, हेच कळत नाही बघ. त्यांनी किती सोपा प्रश्न विचारला. मी होऊन त्यात पाय घातला."

"उजवा की डावा?" मी म्हटलं, आणि ती एवढी हसली की मेट्रन डोकावून गेल्या.

पुढे साप्ताहिक सुट्टीला ती कुठे जाते ते मला उशिराच कळलं. लोक सुट्टीला सिनेमाला जातात, माहेरी जातात. ही जाऊन कोर्टात मागच्या बाकावर बसायची. भाडेकरूंची भांडणं, विम्याचे दावे, जमिनीच्या हद्दी, जे चालू असेल ते ऐकायची. शिपायाला वाटायचं हिची तारीख आहे आणि वकील फिरकतच नाहीय. बिचारा तिला पाणी आणून द्यायचा.

असंच एकदा कोर्टाच्या चहाच्या खिडकीपाशी वकीलबाईंनी तिला गाठलं. तिथलं बोलणं थोरलीने मला इतक्या वेळा सांगितलंय की मी स्वतः तिथे होते असं मलाच वाटायला लागलंय.

"तुम्ही त्या डाव्या पायाच्या सिस्टर," वकीलबाई म्हणाल्या.

"उजव्या," थोरली म्हणाली. मग हातातला कप खाली ठेवून तिने सरळ विचारलं, "माझं त्या दिवशी चुकलं काय?"

"वासाचं तुम्हाला खरंच आठवत होतं?"

"अगदी खरं."

"मग तेवढ्यावर थांबायचं. पायाचं आठवत नाही असं म्हणाला असतात, तर पंचाईत माझी झाली असती. तुम्ही खोटं बोलला नाहीत. ठाऊक होतं त्याहून जरासं जास्त बोललात, एवढंच."

"म्हणजे मी खरं सांगतेय हे तुम्हाला कळलं होतं?"

"वाटलं होतं. पण मी ठेकेदाराची वकील होते. समोरच्याचं बोलणं ठोकून बघायचं हे माझं काम. पक्कं असेल तर ते टिकतं. तो गवंडी टिकला की नाही?"

थोरलीने विचारलं, "हे शिकायला वयाची अट असते का हो?"

वकीलबाईंनी तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "वयाची नाही. बुडाची असते. तासन्‌तास एका जागी बसता येतं का?"

"मी आयुष्यभर उभीच आहे. आता बसायलाच आवडेल."

पदवी तिने नोकरीत असतानाच घेतली होती, त्यामुळे तिचा मार्ग मोकळा होता. अडचण होती ती घरी सांगायची. तिचा नवरा, म्हणजे आमचे भावोजी, लिफ्ट दुरुस्त करतात. माणूस शांत. दिवसभर अडकलेल्या लोकांना धीर द्यायची सवय, त्यामुळे घरीही सगळ्यांशी ते तशाच सुरात बोलतात. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरं. आता घाबरायचं नाही. आधी मला सांग, नोकरी सोडणार आहेस का?"

"नाही."

"मग झोपणार कधी?"

तेवढ्यात लेक बाहेर आली. काडीसारखी बारीक आणि कानावर कायम शिसपेन्सिल, म्हणून घरीदारी तिला पेन्सिलच म्हणतात. तिला इमारतींची रचना शिकायची होती आणि त्याच वर्षी तिचीही प्रवेश परीक्षा होती.

"आई, तू आणि मी एकाच वर्षी परीक्षेला बसणार?"

"तुला लाज वाटत असेल तर पुढच्या वर्षी बसते."

"लाज कसली? फक्त टेबल एकच आहे. खिडकीकडची बाजू माझी."

कॉलेज निवडायचं म्हणजे माहितीपुस्तकं आणून फोटो बघायचे अशी थोरलीची कल्पना होती. वकीलबाईंनी ती पुढच्याच भेटीत मोडीत काढली. "फोटोत सगळीकडे झाडंच असतात. तिथे जा. एखाद्या तासाला मागे बसू देता का विचारा. प्राचार्यांना काही विचारू नका, ते चांगलंच सांगणार. शेवटच्या वर्षाच्या मुलांना गाठा. भर दुपारी ग्रंथालयात कोण बसलंय ते बघा. आणि मुलं खऱ्या माणसांची खरी कामं हाताळतात का, ते विचारा."

मग थोरली आणि मी निघालो. मला का नेलं विचारलं तर म्हणाली, "तू कुणाशीही पाच मिनिटांत गप्पा मारतेस. मी विचारलं की लोकांना वाटतं इंजेक्शन देणार."

पहिलं कॉलेज शेजारच्या शहरातलं. नुसतं नाव काढलं की लोक ताठ बसतात असं. दगडी कमान, लांबच लांब व्हरांडे, ग्रंथालयात पान उलटलेलंही ऐकू येईल अशी शांतता. शिकवणं इतकं सुंदर की कायद्यातलं ओ की ठो न कळणारी मीसुद्धा तासभर ऐकत राहिले. पण तास सकाळपासून संध्याकाळपर्यंत. तिथे शिकायचं तर नोकरी आणि घर दोन्ही सोडून राहायला जायला हवं. परतीच्या बसमध्ये थोरली खिडकीबाहेर बघत होती. "वीस वर्षांपूर्वी यायला हवं होतं इथे," एवढंच म्हणाली.

दुसरं बाजारातल्या एका इमारतीत, वरच्या मजल्यावर, संध्याकाळचं. दारातच एक गृहस्थ भेटले. फार गोड बोलणारे. "ताई, हजेरीची अजिबात चिंता करू नका. परीक्षेला या म्हणजे झालं." घरी आल्यावर सांगितलं तर भावोजींना हे फार पटलं. झोपेचा प्रश्न सुटत होता.

तिसरं बस डेपोच्या मागे. छोटं, सरकारी, सकाळी लवकर भरणारं. भिंतींचे पोपडे निघालेले, आणि मध्येच एखादी बस सुरू झाली की शिकवणारे सर हात वर करून थांबायचे, आवाज गेला की त्याच शब्दापासून पुढे बोलायचे. एका खोलीत कायदा सल्ला केंद्र होतं. बाहेर बाकावर माणसं बसली होती. कुणाला पेन्शन मिळत नव्हती, कुणाला घरमालक बाहेर काढत होता. आत शेवटच्या वर्षाची एक मुलगी एका म्हातारबाबांचं ऐकत होती. मध्ये न बोलता. बाबा एकच गोष्ट तिसऱ्यांदा सांगत होते तरी ऐकत होती.

थोरली दारात थबकली. बघत राहिली. मी तिचा चेहरा बघितला आणि मनात म्हटलं, झालं, निवड झाली.

अडचण एवढीच की इथे जागा मोजक्या आणि यायला धडपडणारे ढीगभर. प्रवेश परीक्षेत चांगले गुण हवेत.

मग अभ्यास सुरू झाला. पेन्सिल एका बाजूला रेषा मारतेय, थोरली दुसऱ्या बाजूला उतारे वाचतेय. वाचणं जमायचं. कोड्यांशी मात्र तिचं हाडवैर होतं. पाच माणसं एका बाकावर बसली आहेत, 'क' हा 'ब'च्या शेजारी बसत नाही, तर मधे कोण?

"पण का बसत नाही?" थोरली विचारायची.

"आई, त्याने काय फरक पडतो?"

"पडतो. भांडण असेल तर मिटवता येईल."

पेन्सिल कपाळाला हात लावायची. मी त्यांच्या घरी गेले की मलाही त्या बाकावर बसवायचे. मी 'ड'. भावोजी 'अ'. एकदा असंच खुर्च्या मांडून आम्ही बसलो आणि उत्तर पटकन सापडलं. तेव्हापासून थोरली मनातल्या मनात आम्हालाच बसवायची. "तू फार जागा खातेस," मला म्हणायची.

खरी मेख होती ती कायद्याच्या प्रश्नांत. त्यात एक नियम दिलेला असतो, एक प्रसंग असतो, आणि नियम लावून उत्तर द्यायचं असतं. थोरली नियम वाचायची, मग प्रसंग वाचायची, आणि ज्याला लागलं असेल त्याच्या बाजूने निकाल देऊन मोकळी व्हायची. सरावाच्या परीक्षेत निम्मी उत्तरं चुकली. तिने तो पेपर वकीलबाईंच्या टेबलावर ठेवला.

"या बाईंना भरपाई का दिलीत?" वकीलबाईंनी विचारलं.

"हात भाजलाय हो त्यांचा."

"नियम काय म्हणतो?"

"नियम म्हणतो, सूचना लावली असेल तर दुकानदार जबाबदार नाही."

"सूचना लावली होती?"

"होती. पण हात..."

"सिस्टर, वॉर्डात तुम्ही गोळी कुणाला देता? जास्त रडतो त्याला?"

थोरलीने पेपर स्वतःकडे ओढला.

"दया सोडा असं मी म्हणत नाहीये," वकीलबाई जरा मऊ होऊन म्हणाल्या. "ती लागेल. पण नियम कुठे कमी पडतो हे दाखवायचं असेल तर आधी तो आहे तसा वाचावा लागतो. आवडत नसला तरी."

परीक्षा झाली. पेन्सिलला तिला हवं होतं तिथे प्रवेश मिळाला आणि ती भलीमोठी बॅग घेऊन वसतिगृहात गेली. थोरलीचं नाव डेपोमागच्या कॉलेजच्या यादीत आलं नाही. थोडक्यात हुकलं. बाजारातल्या कॉलेजातून मात्र लगेच फोन आला, या म्हणून.

भावोजी म्हणाले, "घे ना. वकील ती वकीलच. पाटीवर कॉलेजचं नाव थोडंच लिहितात?" मलाही तसंच वाटत होतं. वॉर्डात कुजबुज चालायची, हिच्याच्याने आता कुठे होतंय, लेकीचं लग्न करायच्या वयात हिला पाटीदप्तर आठवलंय. परत एक वर्ष ही बोलणी का ऐकायची?

थोरली म्हणाली, "आधी तिथल्या एका तासाला बसून बघते."

गेली. सर वही बघून सांगत होते, मुलं उतरून घेत होती. एका मुलाने हात वर केला आणि विचारलं, सर, हे असं का? सर म्हणाले, "ते परीक्षेला येत नाही." मुलाने हात खाली घेतला. थोरली तास संपेपर्यंत बसली, कारण मधून उठणं तिला बरं दिसलं नाही. मग खाली येऊन मला फोन केला. "मी पुढच्या वर्षी पुन्हा बसतेय."

"अगं, आणि पुन्हा नाही मिळालं तर?"

"तर बघू. पण ज्याला प्रश्न पडला त्यालाच गप्प बसवतात, तिथे मी काय शिकणार?"

ते वर्ष कठीण गेलं. टेबलाची खिडकीकडची बाजू रिकामी होती आणि ती थोरलीला खुपायची. पेन्सिल दर रविवारी फोनवरून कोडी घालायची. मी कपड्यांच्या खोलीत, चहाच्या सुट्टीत, लिफ्टची वाट बघताना तिला नियम वाचून दाखवायचे आणि ती निकाल द्यायची. हळूहळू निकाल बदलायला लागले. एकदा तिने एका लंगड्या म्हाताऱ्याच्या विरुद्ध निकाल दिला आणि दिवसभर फुगून बसली. "उत्तर बरोबर आहे," मी म्हटलं. "माहितेय," ती म्हणाली. "नियम वाईट आहे. बदलायला हवा." मला वाटतं, त्या दिवशी ती अर्धी वकील झाली.

मेट्रनशीही बोलावं लागणार होतं, कारण सकाळचं कॉलेज म्हणजे सकाळची पाळी कायमची बंद. आमच्या मेट्रन म्हणजे कडक काम. थोरली आठवडाभर टाळत होती. शेवटी एकदा पदर खोचून आत गेली. मी दाराशी कान लावला होता, पण काही ऐकू आलं नाही. बाहेर आली तेव्हा चेहऱ्यावर काहीच दिसेना.

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, दुपारची पाळी कुणालाच नको असते, घे. आणि त्यांच्या बहिणीचं वारसाचं काहीतरी अडलंय, ते बघ म्हणाल्या."

"अगं, तुला अजून प्रवेश कुठे मिळालाय?"

"तेच मी म्हटलं. तर म्हणाल्या, मिळेल."

मिळाला. यादी लागली तेव्हा भावोजी कुठल्यातरी इमारतीत लिफ्टच्या छतावर उभे होते. तिथूनच बोलले. नेहमीच्या शांत सुरात "बरं, बरं" म्हणत होते, पण ते 'बरं' काही थांबेना. पेन्सिल म्हणाली, "आई, आता खिडकीकडची बाजू तू घे." मी काय केलं? रडले. वॉर्डात, सगळ्यांदेखत. एका पेशंटने घाबरून विचारलं, कोण गेलं? म्हटलं, "कुणी गेलं नाही हो. आमची थोरली कॉलेजात जातेय."

आता ती दुसऱ्या वर्षाला आहे. वर्गातली पोरं तिला काकू म्हणतात आणि तिच्या टिपणांवर डल्ला मारतात. आम्हा सगळ्यांना वाटलं होतं ही इस्पितळाचे खटले लढेल, साक्षीदारांना घाम फोडेल. तिचं मन बसलं ते भलत्याच ठिकाणी. करार लिहिण्यात. कामावर घेताना माणसाला जो कागद देतात तो कसा लिहावा, की वाचणाऱ्याला समजेल आणि पट्टा द्यायचा राहणार नाही, यावर ती तासभर बोलू शकते. वकीलबाईंना हे मुळीच पसंत नाही. "इतका चांगला आवाज टायपिंगवर वाया घालवणार," असं त्या माझ्याकडे तक्रार करतात, जसं काही मीच तिला बिघडवलंय. तो वाद अजून मिटलेला नाही.

शनिवारी थोरली त्यांच्याकडे काम शिकायला जाते. गेल्या शनिवारी मीही सोबत होते. कोपऱ्यातल्या टेबलावर बसून तिने एका सुरक्षारक्षकाच्या नोकरीचा करार लिहिला. वकीलबाईंनी चष्मा लावला, लाल पेन काढलं आणि ओळीमागून ओळ खोडत गेल्या. मला बघवेना. कागद परत आला तेव्हा तो गोवर आल्यासारखा दिसत होता. थोरलीने तो खिडकीशी धरून सावकाश वाचला.

"मागच्या वेळी सगळाच खोडला होता," ती मला म्हणाली. "आज निम्मा ठेवलाय."

आणि खुर्ची पुढे ओढून तिने खोडलेला निम्मा पुन्हा लिहायला घेतला.